ओट्यावरची नगरपालिका

माणूस वेडा आहे की शहाणा, हे ओळखायला साधारण किती दिवस लागतात? मला तर वर्षंच्या वर्षं मिळाली होती, तीही त्याच माणसाच्या घरात भाड्यानं राहून. तरी जमलं नाही. आजही कुणी विचारलं की मी आधी "वेडेच हो" म्हणते, आणि लगेच "म्हणजे तसं नाही" म्हणून सारवासारव करत बसते.

ते आमचे घरमालक. लहानथोर सगळे त्यांना 'अध्यक्ष' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणणार. कशाचे अध्यक्ष? तर रेवणपूर नगरपालिकेचे. आणि ही नगरपालिका कुठं होती? कुठंच नव्हती. घोळाला सुरुवात इथूनच होते.

सोलापूरच्या कडेला, नाल्यापलीकडं, रेवणपूर हे विणकरांचं लहानसं गाव होतं. त्याची स्वतःची नगरपालिका होती, रस्त्यावरचे कंदील होते, मोकाट जनावरांचा कोंडवाडा होता, खाकी टोपीतला एक शिपाई होता. मग सोलापूरची महापालिका झाली, हद्द वाढली, आणि रेवणपूर सोलापुरात जमा झालं. शिपायाला तिकडं नोकरीत घेतलं, कंदील जाऊन विजेचे दिवे आले, दप्तर हातगाडीवर लादून नाल्यापलीकडं गेलं. सगळं अगदी रीतसर झालं. फक्त अध्यक्षांना "आता उठा" असं सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते बसूनच राहिले.

मी माळशिरसकडची. महापालिकेच्या नगररचना खात्यात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आई आणि मी खोली शोधत शोधत रेवणपुरात आलो. ओट्यावर एक जड लाकडी खुर्ची, आणि तिच्यात काळा कोट घालून बसलेले गृहस्थ. एप्रिलमध्ये, सोलापुरात, काळा कोट! बघूनच मला घाम फुटला. बाजूच्या बाकावर दस्तगीरचाचा बसले होते. ते टांगा चालवायचे आणि जुन्या नगरपालिकेत मेंबर होते. खोली बघून झाली, पसंत पडली, काकूंनी म्हणजे अध्यक्षांच्या बायकोनं चहासुद्धा दिला. मला वाटलं, झालं काम. तर अध्यक्ष म्हणाले, "अमावास्येला या. विषय सभेपुढं ठेवावा लागेल."

अमावास्येला विणकर माग बंद ठेवायचे. त्या दिवशी दुपारी ओट्यापुढं सभा भरायची. आम्ही दोघी नवरीसारख्या उभ्या, आणि समोर सगळी गल्ली.

"कुठल्या तुम्ही?" अध्यक्षांनी आईला विचारलं.

"माळशिरसकडचं हाय आमी."

"पाणी जपून वापराल?"

"दुष्काळातनं आलोय. सांगाया लागतंय व्हय?"

"भांडता का?"

आई जरा घुटमळली. "कारण असलं तर भांडते की. उगंच न्हाय."

"आणि तक्रार करता?"

"लई."

अध्यक्षांचा चेहरा एकदम खुलला. "मंजूर," ते म्हणाले. दस्तगीरचाचांनी बाकावर थाप मारली, "हौ, मंजूर!"

मी कुठं नोकरीला आहे हे कळल्यावर मात्र विषय पुन्हा उघडावा लागला. "म्हणजे तुम्ही परक्या संस्थेच्या नोकर," अध्यक्ष गंभीर होऊन म्हणाले, आणि ठरावाला दुरुस्ती जोडली की, बाईंनी तिकडच्या गोष्टी इकडं आणि इकडच्या तिकडं करू नयेत. त्या दिवसापासून मी 'सोलापूरच्या बाई' झाले. परत येताना आई कुजबुजली, "अगं, ह्यो मानूस जरा हललेला हाय का?" मी म्हटलं, "खोली हवेशीर आहे, गप बस."

अध्यक्षांच्या एकेक तऱ्हा बघता बघता माझी करमणूक व्हायची आणि डोकंही फिरायचं. नाल्यावरचा पूल ओलांडायचा म्हणजे त्यांच्या लेखी गावाबाहेर जाणं. काकूंच्या खोकल्याचं औषध आणायला निघाले तरी आधी दस्तगीरचाचांना बोलावणार. "मी परगावी जातोय. कारभार तुमच्याकडं." चाचा टांगा सोडून येणार, खुर्चीवर मांडी घालून बसणार आणि म्हणणार, "फिकर नक्को करो अध्यक्षसाब, मैं बैठतूँ." औषधाचं दुकान पुलापलीकडं पहिल्याच चौकात होतं. तेवढ्या वेळात कारभार तो काय होणार? पण चाचा कधी जागचे हलले नाहीत. घोडा उन्हात फुरफुरत उभा.

कोंडवाडा तर घराच्या परसातच चालू होता. एकदा महापालिकेच्या कचरागाडीचा बैल सुटून रेवणपुरात आला आणि कुणाची तरी वाळत घातलेली कुरडई खाऊन गेला. अध्यक्षांनी बैल कोंडला. दुसऱ्या दिवशी गाडीवान आला, हातापाया पडला. "कायदा सर्वांना सारखा," अध्यक्ष म्हणाले. शिक्षा काय, तर पलीकडच्या माळावरच्या कडुनिंबांना चार घागरी पाणी घालायचं. गाडीवानानं घातलं बिचाऱ्यानं. बैल सोडला, वर काकूंनी गाडीवानाला शेंगाचटणी आणि भाकरी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी हपिसात ही गोष्ट माझ्याआधी पोचलेली. "बाई, तुमच्या मालकांनी आमचा बैल अटक केला म्हणे!" सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि मग उगाच राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

एकदा मी धीर करून विचारलंच. ते ओट्यावर पेपर वाचत होते. म्हटलं, "काका, राग मानू नका. पण नगरपालिका आहे असं तुम्हाला खरंच वाटतं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही सकाळी देवाला नैवेद्य दाखवता. देव खातो असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"नाही... म्हणजे तसं नाही वाटत."

"मग रोज दाखवता कशाला?"

ते पुन्हा पेपरात शिरले. आता ह्याला वेडा म्हणावं का? आणि नाही म्हणावं, तर कोंडलेल्या बैलाचं काय करावं?

सगळ्यात मोठा घोळ हा, की लोक येत असत. चेष्टेनं नव्हे, अगदी खरोखर. नाली तुंबली, शेजारच्याच्या मागाचा खडखडाट पहाटेच सुरू होतो, सासरचे लेकीला माहेरी धाडत नाहीत, कुत्रं चावलं, सगळं ओट्यावर. काही तेलुगूत बोलायचे, काही उर्दूत, अक्कलकोटकडून आलेलं एखादं माणूस कानडीत. अध्यक्ष सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकायचे. मध्ये तोडायचे नाहीत. नाली तुंबली असेल तर कोट काढून, धोतर खोचून स्वतः फावडं घेऊन निघायचे आणि मागं चार माणसं आपोआप जायची. निम्म्या तक्रारींचं पुढं काहीच व्हायचं नाही, हे मी डोळ्यांनी पाहत होते. पण माणूस ज्या पट्टीत ओरडत यायचा, त्या पट्टीत परत जायचा नाही. अध्यक्षांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तक्रार ऐकणारा हाकेच्या अंतरावर असला तर ते गाव. नसला तर नुसती घरं."

आता त्या माळाचं सांगते. अध्यक्षांच्या घरापलीकडं कडुनिंबांच्या रांगांमधला मोकळा माळ होता. रेवणपूरचं पोट त्या माळावर होतं. रोज सकाळी विणकर आपापला ताणा तिथं आणायचे. ताणा म्हणजे साडीचं उभं सूत. ते लांबच्या लांब ताणून बांधायचं, त्याला खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचं, आणि ऊन चढायच्या आत वाळवून गुंडाळायचं. लाल, हिरवे, जांभळे पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन पुढंमागं चालणारी नवराबायको. हे घरात होत नाही, गल्लीत होत नाही. माळ नाही तर ताणा नाही, ताणा नाही तर माग बंद. इतकं सरळ होतं ते.

आमच्या भिंतीला भिंत लागून नरसम्मा राहायची. नवरा गेलेला, घरात दोन माग, एकावर ती, एकावर सून. बोलायला फटकळ. ताण्यापाशी तिला कुणी हाक मारलेली चालायची नाही. "सूत तुटलं तर तुमी जोडनार का?" म्हणून अंगावर यायची.

एक दिवस माझ्याच टेबलावर टाइपाला कागद आला. शहरातल्या बाजारपेठेत मालट्रकांची गर्दी फार झाली होती, ट्रकांसाठी बाहेर तळ करायचा होता, आणि त्यासाठी रेवणपूरचा माळ ठरला होता. लोकांनी महिनाभरात हरकती कळवाव्यात. यात महापालिकेचं काही चुकलं असं मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं. बाजारात ट्रकखाली पोरं सापडायला लागली होती. नोटीस कडुनिंबाच्या बुंध्याला लावली, हलगी वाजवून दवंडीही दिली. सगळ्या रेवणपुराला कळलं.

आणि सगळं रेवणपूर हरकत घ्यायला गेलं. कुठं? ओट्यावर.

मी घसा फोडून सांगत होते. "काका, हरकत तिकडं नोंदवायची असते."

"नोंदवली की."

"कुठं?"

"इथं. तुमच्या समोर तर बोलले सगळे."

"अगं नरसम्मा, तू तरी माझ्याबरोबर चल. आमच्या साहेबांना सांग."

"अध्यक्षांना सांगितलं की! त्यांनी ऐकलं बी. आता किती वेळा सांगायचं?"

कर्म माझं! भिंतीशी बोलावं तसं झालं. आठवडाभर ओट्यावर नुसता कल्लोळ होता. मग अमावास्येला अध्यक्षांनी ठराव केला की, रेवणपूर नगरपालिका ट्रकतळास एकमतानं विरोध करत आहे. खाली सगळ्या गावानं सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे उठवले. ठरावाची प्रत 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' म्हणून सोलापूर महापालिकेला धाडली, एका नगराकडून दुसऱ्या नगराला. दस्तगीरचाचा फेटा बांधून टांग्यातून ती घेऊन गेले. आवकच्या कारकुनानं शिक्का मारून घेतली आणि पोट धरून हसत माझ्याकडं आला, "बाई, तुमच्या मालकांचं राज्य आमच्याशी बोलायला लागलं!" साहेबांपुढं कागद गेला. साहेब भला माणूस होता. त्यांनी वर लिहिलं, 'अशी संस्था अस्तित्वात नाही', आणि तो बाजूला ठेवला. महिना संपला. एकही हरकत आली नाही, अशी नोंद झाली.

हे मी घरी येऊन सांगितलं तर अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "त्यांचं उत्तर यायचंय अजून." मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

उत्तर आलं ते मोजणीची साखळी घेऊन. सकाळची वेळ, ताणे पसरलेले. मोजणीवाल्यांनी नम्रपणानंच सांगितलं, सूत जरा बाजूला घ्या. ताणा बाजूला घेता येतो का? नरसम्मानं हातातला कुंचा टाकला आणि ओल्या खळीच्या हातांनी तशीच धावत ओट्यापाशी आली. मी हपिसला निघाले होते, दारातच थबकले.

"तुमाला सांगितलं होतं की नाय?" ती ओरडली.

"सांगितलं होतंस," अध्यक्ष म्हणाले.

"तुमी ऐकलं होतं की नाय?"

"ऐकलं होतं."

"मग ते लोक म्हनतात, कुनी काय बोललंच नाय! आमी बोललो ते गेलं कुटं? माझे दोन माग हायत, अध्यक्ष. ताणा कुटं पसरू? तुमच्या या ओट्यावर पसरू?"

अध्यक्षांचा हात खुर्चीवरून उठला आणि परत खाली आला. मी त्यांना कधी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. सगळी गल्ली बघत होती, आणि मला त्या म्हाताऱ्याची इतकी कीव आली की मी मान फिरवली. नरसम्मा खाली बसून रडायला लागली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

मग अध्यक्ष माझ्याकडं वळले. "सोलापूरच्या बाई, तुमच्या महापालिकेत तक्रार कशी करतात?"

"स्वतः जायचं, काका. साहेब सोमवारी लोकांना भेटतात. रांगेत उभं राहायचं."

"रांगेत," ते म्हणाले. "बरं."

सोमवारी ते निघाले. मागं निम्मं रेवणपूर. पुलापाशी दस्तगीरचाचा सवयीनं थांबले, कारभार घ्यायला. अध्यक्ष म्हणाले, "आज तुम्हीपण चला." चाचा नुसते "हौ" म्हणाले आणि मागून आले.

मला साहेबांनी लिहून घ्यायला आत बसवलं होतं. अध्यक्ष रांगेतून आत आले ते काळा कोट घालूनच. त्यांनी नाव सांगितलं, पुढंमागं काही न जोडता. मग माळाचं, ताण्याचं, नरसम्माच्या दोन मागांचं सांगितलं. फार चांगलं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आजोबा, मुदत संपली," साहेब म्हणाले. "हे महिन्याच्या आत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. ठराव पाठवला होता."

साहेबांनी कागद काढायला लावला. तारीख पाहिली, खालच्या सह्या पाहिल्या, अंगठे पाहिले. मग म्हणाले, "हा मुदतीत आलाय. खाली माणसं खरी आहेत. अडचण फक्त वरच्या नावाची आहे. तुम्ही मला लिहून द्या की, रेवणपूर नगरपालिका नावाची संस्था नाही, आणि खाली सह्या करणारे सगळे सोलापूरचे रहिवासी आहेत. मग हा ठराव राहणार नाही. या सगळ्यांच्या हरकती होतील, आणि मला त्या घ्याव्याच लागतील."

दाराशी नरसम्मा उभी होती, तिच्यामागं दस्तगीरचाचा. चाचा हळूच म्हणाले, "नक्को अध्यक्षसाब. दुसरा कुछ देखेंगे."

अध्यक्षांनी मागं वळून पाहिलं. चाचांकडं नाही, नरसम्माकडं. तिनं मान खाली घातली. तीसुद्धा 'लिहा' म्हणू शकली नाही.

"बाई, पेन द्या," ते मला म्हणाले.

मी दिलं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, वाचून पाहिलं, एका शब्दावरचा राहिलेला अनुस्वार दिला, आणि सही केली. सहीखाली त्यांची लेखणी सवयीनं पुढं सरकली, पद लिहायला. तिथंच थांबली. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन मला परत केलं.

ट्रकतळ दुसरीकडं गेला. माळ वाचला. रेवणपुरानं गुळाची पोळी केली, हलगी वाजली, लोक नाचले. आणि आम्ही सगळे चोरट्यासारखे ओट्याकडं बघत होतो. आनंद तर झाला होता, पण तो कुठं ठेवावा ते समजेना. आई म्हणाली, "बरं झालं म्हनावं का वंगाळ झालं म्हनावं गं?"

पुढची अमावास्या आली. माग बंद. माणसं सवयीनं ओट्यापुढं जमली, तर खुर्ची नव्हती. ती आत नेऊन तिच्यावर गोधड्या रचलेल्या होत्या. काकू दारात येऊन म्हणाल्या, "ते म्हणतायत, सभा नाही." लोक चुळबुळले. जावं की थांबावं कुणालाच कळेना. दोघंतिघं निघालेसुद्धा.

नरसम्मा सरळ उंबऱ्यापर्यंत गेली. "बाहेर या."

आतून आवाज आला, "नरसम्मा, इथं आता काही नाही. तक्रार असेल तर महापालिकेत जा. मीच लिहून दिलंय."

"काय लिहून दिलंय? आमी सगळे सोलापूरचे, असंच की नाय?"

"हो."

"तुमी पन सोलापूरचे?"

"मीपण."

"मग सोलापूरची एक बाई सोलापूरच्या एका मानसाकडं शेजारनीची तक्रार घेऊन आली हाय. ऐकायचं का नाय ते बोला."

अध्यक्ष दारात आले. कोट नव्हता. नुसती बंडी आणि धोतर, आणि कोटाविना इतके लहान दिसत होते की मला धस्स झालं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, "बाई, असं चालतं का आपल्या महापालिकेत?"

'आपल्या' म्हणाले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महापालिकेचे सगळे नियम मी माझ्या हातांनी टाइप केले होते, पण त्या वेळी एक आठवेल तर शपथ.

"चालतं, काका," मी म्हटलं.

ते पायरीवर येऊन बसले, नरसम्माला शेजारी बसायला जागा केली, आणि म्हणाले, "सांग."